दाराबाहेरचं मत

घंटा वाजली तेव्हा तो हात धूत होता, आणि डाव्या हाताला पाणी लागत नव्हतं. पाणी दिसत होतं. बोटांवरून ओघळून बेसिनच्या पांढऱ्या खळग्यात जात होतं, उजव्या हाताला त्याचा गारवाही कळत होता. पण डावा हात दुसऱ्या कुणाचा तरी असावा आणि तो माणूस आत्ता इथं नसावा, तसा नुसता धारेखाली धरलेला होता. त्यानं तो उलटा केला, सुलटा केला, उजव्या हाताच्या नखानं टोचून पाहिलं. आरशातला चेहरा नेहमीचाच होता, गळ्यापाशी थोडा सैल पडलेला. बाहेर कॉरिडॉरमध्ये बुटांचे आवाज वाढत चालले होते. मतविभाजनाची घंटा झाली की सदस्य असतील तिथून निघतात, चहा अर्धा टाकून, बोलणं अर्धं तोडून, दारं बंद व्हायच्या आत सभागृहात पोचायला. त्यानं हात खिशात घातला आणि तोही निघाला. आपल्या बाकावर बसून त्यानं सवयीनं समोर पाहिलं. विरोधी बाजूच्या तिसऱ्या रांगेतल्या त्या खुर्चीवर कुणी नव्हतं. पुढच्या फळीवर चष्म्याचं घर होतं, पाण्याचा पेला होता, पण मोठ्या बाई नव्हत्या. सकाळीच पायऱ्यांवर त्यांनी विचारलं होतं, आज आहात? तो म्हणाला होता, आहे. तुम्ही? त्याही आहे म्हणाल्या होत्या. म्हणजे येतीलच, असं त्यानं धरलं. मत कसलं तरी किरकोळ होतं, बंदरातल्या शुल्काबद्दलचं. प्रतोदानं नुसती भुवई उचलली आणि त्यानं होकाराचं बटण दाबलं. दारं उघडल्यावर कुणीतरी सांगितलं की मोठ्या बाई वाचनालयात खुर्चीवरून खाली पडल्या आहेत, घंटा वाजली तेव्हाच, आणि त्यांची डावी बाजू गेली आहे.

सभागृहात सगळे त्याला मोजणीदार म्हणायचे. राजकारणात येण्याआधी तो जमिनी मोजायचा. भांडणाऱ्या दोन भावांच्या मध्ये उभा राहून साखळी टाकायची, खुणा ठोकायच्या, आणि ही तुझी, ती त्याची, असं सांगून दोघांच्याही शिव्या खायच्या. त्याच शिव्यांच्या बळावर आपण निवडून आलो, असं तो गमतीनं म्हणायचा. मोठ्या बाई मुलींच्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, आणि सभागृहात सुद्धा त्या उठल्या की दोन्हीकडची कुजबुज आपोआप थांबायची. या दोघांची जोडी होती. जोडी म्हणजे साधी गोष्ट. सत्ताधारी बाजूचा एक, विरोधी बाजूचा एक. एकाला काही कारणानं येता आलं नाही तर दुसऱ्यानंही मत द्यायचं नाही, म्हणजे दोन्ही पारडी आहेत तिथंच राहतात. लेखी काही नसतं. दोन्हीकडच्या प्रतोदांना माहीत असतं, आणि बाकी सगळं शब्दावर चालतं. त्याची आई गेली त्या आठवड्यात सरकार पडायच्या बेतात होतं, आणि त्याला घरून हलता येत नव्हतं. तेव्हा ओळख ना पाळख, मोठ्या बाई आपणहून बाहेर थांबल्या होत्या. परत आल्यावर तो आभार मानायला गेला तर त्यांनी हातातला पेपर खाली केला नाही. म्हणाल्या, तुमची आई गेली, मी बसून पेपर वाचला, यात आभार कसले. आणि मग, चष्म्यावरून बघत, एवढंच म्हणाल्या, “यापुढं असंच. मी नसेन तर तुम्ही नाही. तुम्ही नसाल तर मी नाही.”

पुढं इतकी वर्षं तेच चाललं. त्यापलीकडं दोघांमध्ये काही नव्हतं. त्या कुठं राहतात, घरी कोण असतं, त्याला ठाऊक नव्हतं. उद्या आहात? आहे. बस्स. तरीही त्या भाषणाला उभ्या राहिल्या की त्याचा घसा कोरडा पडायचा. त्या पेला उचलायच्या आणि घोट याला मिळाल्यासारखा वाटायचा. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं, सांगण्यासारखं नव्हतंच. आता डॉक्टरांनी त्याचा हात कोपरापासून बोटांपर्यंत दाबून पाहिला आणि शीर दबली आहे म्हणाले. तुमचा सगळा धंदाच खुर्चीच्या हातावर रेलून बसायचा, मग दुसरं काय होणार, असं म्हणून हसले. तोही हसला. संध्याकाळपर्यंत बोटांत मुंग्या आल्या, थोडी जाग आली, पण पुरती नाही. शर्टाची बटणं लावताना तो हात मध्येच थांबायचा, आणि त्याला आठवायचं की बाई तिथं फरशीवर पडल्या होत्या त्याच क्षणी आपण बटण दाबत होतो. मत किरकोळ होतं, नकळत दिलेलं होतं, कुणी त्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. पण जोडी मोडली होती, आणि ती त्यानं मोडली होती.

हे सगळं विसरताही आलं असतं, पण पुढच्याच आठवड्यात बेपत्तांचं विधेयक मताला येणार होतं. ते त्याचं विधेयक होतं. गडबडीच्या वर्षात शहरातून माणसं नाहीशी झाली होती. कुणाला गाडीत घालून नेलं होतं, कुणी कामावरून घरी पोचलंच नव्हतं. नंतर राज्य बदललं, चौकशी कचेरी उघडली, आणि ती अजून उघडी होती. पण सापडलं कुणीच नव्हतं. ना माणूस, ना हाडं. रविवारी सकाळी त्याच्या मतदारसंघातल्या बायका त्याच्या ऑफिसात येऊन बसायच्या. त्यांना घर विकता येत नव्हतं, पेन्शन मिळत नव्हती, पोरांच्या कागदावर बापाच्या नावापुढं काय लिहायचं ते कळत नव्हतं. त्यातली एक एकदा म्हणाली होती, साहेब, मला काहीतरी एक म्हणा, विधवा म्हणा नाहीतर सवाष्ण म्हणा, पण कुणीतरी म्हणा. त्या वाक्यावरून त्यानं विधेयक लिहायला घेतलं. ज्या घराला हवं असेल त्या घराच्या माणसाला मृत मानावं, एवढंच त्यात होतं. मंत्रालयातून ते परत आलं तेव्हा त्यात एक कलम वाढलं होतं: सगळ्यांनाच, एकाच तारखेला, आणि त्या दिवशी चौकशी कचेरी बंद. तो भांडला, थोडा. मग अर्धं का होईना पदरात पडतंय म्हणून गप्प बसला. विधेयक सभागृहात मांडलं तेव्हा मोठ्या बाईंनी मात्र त्या कलमाला धरूनच भाषण केलं होतं. त्यांच्या शाळेतल्या वरच्या वर्गातल्या काही मुली आणि एक तरुण शिक्षिका त्या वर्षी नाहीशा झाल्या होत्या. आवाज न चढवता त्या म्हणाल्या होत्या, “गैरहजर म्हणजे मेलेली नव्हे. मी जन्मभर हजेरी घेतली आहे, हा फरक मला शिकवू नका.” ऐकताना त्याच्या अंगावर काटा आला होता, कारण त्यांचं म्हणणं त्याला पटलं होतं आणि त्याचं स्वतःचंही पटत होतं, आणि ही दोन्ही पटणं एकाच माणसात कशी राहतात ते त्याला कळत नव्हतं.

त्याचा दादाही त्याच वर्षी नाहीसा झाला होता. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा. एका दुपारी जेवून, हात पुसत, आलोच म्हणून बाहेर पडला. मोजणीदार तेव्हा कॉलेजात होता, दारातच बसला होता. दादाच्या पायात याच्या चपला होत्या, आणि माझ्या कशाला घालतोस असं तो बोललाही. दादाशी बोललेलं शेवटचं वाक्य ते. वहिनी तेव्हा नुकतीच लग्न होऊन घरात आली होती. आई होती तोवर घरात तिघं होती, आई गेल्यावर दोघं. लोकांनी काय बोलायचं ते बोलून घेतलं आणि मग तेही कंटाळले. त्यानं लग्न केलं नाही. वहिनी औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी राहायची, संध्याकाळी येऊन स्वयंपाक करायची, दादाच्या खोलीतली चादर बदलायची. ती खोली त्यांनी कधी वापरायला काढली नाही आणि कधी बंदही केली नाही. तिच्या दारावरून जाताना दोघंही पाऊल किंचित हळू टाकायचे, झोपलेल्या माणसाच्या खोलीवरून जाताना टाकतात तसं. दुकानाच्या शेजारी एक घड्याळजी होता. बायको वारलेला, अबोल, कायम एका डोळ्याला भिंग लावून बसलेला. गेल्या वर्षी त्यानं वहिनीला विचारलं होतं. वहिनीनं ते घरी येऊन भाऊजींना सांगितलं, भाजी महाग झाल्याचं सांगावं तशा आवाजात, आणि पुढं म्हणाली की ती त्याला म्हणाली आहे, कायदा होऊ दे. मोजणीदार हो म्हणाला. छान झालं म्हणाला. त्या रात्री तो विधेयकाचा मसुदा घेऊन बसला आणि एकही ओळ पुढं सरकली नाही. वहिनी गेली तर या घरात उरणार कोण? आपण, आणि ती खोली. ही गोष्ट त्यानं स्वतःशीसुद्धा पूर्ण वाक्यात म्हटली नव्हती.

आकडे जुळत होते ते जेमतेम. प्रतोदानं त्याला आपल्या खोलीत बोलावलं, स्वतः चहा ओतून दिला, आणि अतिशय मऊपणे समजावलं. जोडी कशाची असते? मताची. ज्याला मत आहे त्याची. माणूस बाहेरगावी असेल, आजारी असेल, तर त्याचं मत त्याच्यापाशी शाबूत असतं. बाई बेशुद्ध आहेत. त्यांना आज मतच नाही, ना होय, ना नाही. मग जोडी कुणाशी? आणि विधेयक तुमचं आहे, मोजणीदार. तुमच्याच मतावाचून ते पडलं तर लोक तुम्हाला वेड्यात काढतील, आणि पक्ष काय करील ते वेगळं सांगायला नको. बोलताना प्रतोदानं त्याच्या डाव्या हातावर हात ठेवला होता. मोजणीदाराला तो दिसत होता, लागत नव्हता. त्यानं मान हलवली. खरं तर प्रतोदाचं म्हणणं बिनतोड होतं. लोकांनी त्याला निवडून दिलं होतं ते मत द्यायला. बाहेर उभं राहायला कुणी कुणाला निवडून देत नाही. रविवारच्या बायका, पक्ष, वहिनी, त्याची स्वतःची बुद्धी, सगळ्या खुणा एका रेषेत येत होत्या. आणि दुसऱ्या बाजूला काय, तर पेपर वाचत बसलेल्या एका बाईनं चष्म्यावरून बघत म्हटलेलं एक वाक्य. त्या रात्री जेवताना वहिनीनं विचारलं, परवा आहे ना. तो म्हणाला, हो. ती म्हणाली की तिनं दुकानातून सुटी मागून ठेवली आहे, रेडिओवर ऐकणार आहे. तिनं बाकी काही विचारलं नाही. तिनं विचारावं असं त्याला फार वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो दवाखान्यात गेला. का गेला ते त्याला नीट सांगता आलं नसतं. परवानगी मागायला म्हणावं तर देणारं माणूस शुद्धीवर नव्हतं. लांब कॉरिडॉर, फिनेलचा वास, टोकाच्या खिडकीतून येणारं पांढरं ऊन. खोलीत त्यांची भाची बसली होती, चाळिशीची, डोळे तांबारलेले. तिनं त्याला ओळखलं. मावशी तुमच्याबद्दल सांगायची म्हणाली, आणि काय सांगायची ते सांगितलं नाही. बाई पलंगावर फार लहान दिसत होत्या. चष्म्याशिवाय त्यांचा चेहरा त्यानं कधी पाहिला नव्हता; नाकावर दोन खोल वळ होते. डोळे अर्धवट उघडे, पण नजर कुणावर नाही. उजवा हात पांघरुणावर होता, बोटं मुडपलेली, टाक धरल्यासारखी. मग त्याला दिसलं की त्यांचे ओठ हलताहेत. थोडं हलायचे, थांबायचे. पुन्हा थोडं हलायचे, पुन्हा थांबायचे. आवाज नव्हता.

“हजेरी घेते,” भाची म्हणाली. “दिवसभर चालतं. एका नावाशी येते आणि अडते. मग परत पहिल्यापासून.”

भाची औषध आणायला खाली गेली. तो स्टुलावर बसला. खोलीत यंत्राची बारीक टिकटिक होती आणि ओठांची ती हालचाल. पहिल्यांदा त्यानं नुसतं पाहिलं, मग त्याला लय सापडली. नाव. थांबणं. नाव. थांबणं. प्रत्येक थांबण्यात त्या ऐकत होत्या. कपाळावरची एक शीर तेवढी ताणली जायची आणि सैल व्हायची, कुठूनतरी उत्तर पोचल्यासारखी. मग एका नावाशी ती सैल होईना. ओठ पुन्हा तेच नाव घडवू लागले, पुन्हा, पुन्हा तेच. श्वास वाढला. अर्धवट डोळे छताकडं लागलेले होते आणि त्यांत पाणी जमू लागलं होतं. त्यानं दाराकडं पाहिलं. कुणी येत नव्हतं. खोलीतली हवा त्या एका नावाभोवती घट्ट होत चालली, आणि आपण काय करतो आहोत हे कळायच्या आधी तो म्हणाला, “हजर.”

ओठ थांबले. शीर सैल झाली. मग ते पुढच्या नावाकडं गेले, आणि तिथून पुढं, न अडता. भाची परत आली तेव्हा त्या शांत झोपल्या होत्या. मावशीला किती दिवसांनी अशी झोप लागली, असं ती म्हणत होती, आणि तो उठून उभा होता, डावा हात उजव्यानं चोळत. त्या हाताला आता सगळं कळत होतं, स्टुलाच्या कडेचा वळसुद्धा. जिना उतरताना त्याच्या मनात एकच येत राहिलं: आपण कुणाच्या नावाला ओ दिली? कुठल्या तरी पोरीच्या, जी कुठंच नाही. आता बाईंच्या लेखी ती आहे. आली आहे, बाकावर बसली आहे. खाली उतरेपर्यंत त्याला जिन्यात आपल्या पावलांमागं हलकी पावलं ऐकू येत होती. तो थांबला की तीही थांबत होती. रस्त्यावर आल्यावर गर्दीत ती मिसळून गेली, की गर्दीचीच होती, ते ठरवण्याइतका तो तिथं थांबला नाही.

मताच्या दिवशी तो नेहमीच्या वेळी उठला, दाढी केली, आणि दाढी करता करता ठरवलं की आत जायचं आणि होय म्हणायचं. ठरवल्यावर बरं वाटलं. वहिनीनं पोळी वाढताना त्याच्याकडं पाहिलं आणि तिला ते दिसलं असावं, कारण तीही थोडी हसली. तिनं केस धुतले होते. सभागृहात सकाळपासून भाषणं चालली. तो बोलायला उभा राहिला तेव्हा रविवारच्या बाईचं वाक्य सांगितलं, आणि दोन्ही बाजू शांत होत्या. समोरच्या रिकाम्या खुर्चीकडं त्यानं मुद्दाम पाहिलं. चष्म्याचं घर कुणीतरी उचलून नेलं होतं. दुपारनंतर अध्यक्षांनी मतविभाजन पुकारलं तेव्हा तो योगायोगानं बाहेर होता, पाणी प्यायला. घंटा सुरू झाली. कॉरिडॉरमध्ये तीच बुटांची घाई. प्रतोद दाराशी उभा राहून एकेकाला आत घेत होता, पाठीवर हात ठेवत. त्याला पाहून त्यानं हसून मान हलवली आणि स्वतः आत गेला. मोजणीदार उंबऱ्याशी आला. आत उजेड होता, डोकी होती, एकमेकांकडं वाकलेली, सगळ्या जागा भरत आलेल्या. त्याची जागा दिसत होती. त्याला वाटलं की आपण बसलो आणि होय म्हटलं की दादा मरेल. आजवर मेला असेल नसेल, पण आज, या होकारानं, आपल्या होकारानं मरेल. लगेच दुसरं वाटलं की हे कारण खोटं आहे, खरं कारण वहिनीचे धुतलेले केस. आणि मग तिसरं, की दोन्ही खोटी, दिलेला शब्द तेवढा खरा. पण तो शब्द आपण हातात धरलाय की त्याच्या आड उभे आहोत, हे आपल्यालाही इथून दिसत नाही. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या हद्दी मोजल्या. स्वतःच्या आत साखळी टाकायला दुसरं टोक धरणारं कुणी नव्हतं. घंटा थांबली. दाराच्या माणसानं दाराची कडी हातात घेतली आणि अदबीनं विचारलं,

“साहेब, आत की बाहेर?”

“बाहेर,” तो म्हणाला. रोजच्या आवाजात. दार लागलं.

आत माणसं असताना बाहेरून इतकं शांत वाटतं हे त्याला माहीत नव्हतं, कारण बाई कधी चुकल्या नव्हत्या, आणि त्याच्यावर या बाजूला राहायची वेळच आली नव्हती. बाई राहिल्या होत्या. त्यांना हे माहीत असणार. भिंतीला लागून एक बाक होतं, त्यावर तो बसला आणि त्यानं शेजारी जागा ठेवली. ठेवली हे नंतर लक्षात आलं. मग आत गलका झाला, विरला, आणि अध्यक्षांचा आवाज आला, एकसुरी, शब्द न कळणारा. दारं उघडल्यावर बाहेर पडणाऱ्यांच्या तोंडून कळलं: समसमान. अशा वेळी अध्यक्षांचं एक मत असतं, आणि रिवाज असा की ते मत, जे चालू आहे ते तसंच ठेवायच्या बाजूनं द्यायचं. विधेयक पडलं होतं. प्रतोद त्याच्यासमोरून गेला. त्यानं रागानं पाहिलं असतं तर बरं वाटलं असतं. त्यानं पाहिलंच नाही, बाक रिकामं असावं तसा तो पुढं गेला. आता पक्षाचा खुलासा मागवणारा कागद येणार, पुढच्या निवडणुकीत तिकीट जाणार, हे सगळं मोजणीदाराला स्पष्ट दिसत होतं आणि त्याचं काही वाटत नव्हतं. त्यानं फोन चालू केला तर लगेच वाजला. भाची होती. तिचा आवाज बसला होता. मावशी गेली, म्हणाली. सकाळीच, अकराच्या सुमारास, झोपेतच. तुम्हाला कळवायचं राहून गेलं, सगळ्यांना फोन करता करता. तो हो म्हणाला, येतो म्हणाला, फोन ठेवला. सकाळीच. म्हणजे तो बोलायला उभा होता तेव्हा. म्हणजे दाराशी त्याला विचारलं तेव्हा जोडी उरलेलीच नव्हती. तो कुणासाठीही थांबला नव्हता. समोरच्या बाजूच्या प्रतोदाला ते कळलं होतं का, आणि कळूनही तो गप्प राहिला का, हे त्यानं पुढं कधी विचारलं नाही.

घरी पोचला तेव्हा अजून उजेड होता. वहिनी बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसली होती, रेडिओ बंद. तिनं पाणी आणून दिलं, आणि तो प्याला तोवर उभी राहिली. रेडिओवर सगळं सांगितलं होतं; तो बाहेर राहिल्याचं, बाई त्याआधीच गेल्याचंसुद्धा. रेडिओवाल्यांना या गोष्टीची गंमत वाटली असावी. काहीतरी बोलायला पाहिजे म्हणून तो म्हणाला की त्याला माहीत नव्हतं, बाई गेल्याचं. वहिनी म्हणाली, ते कळलं मला. मग तिनं त्याच्या हातातला पेला घेतला. रडत नव्हती. रागावलेली दिसत नव्हती. काउंटरवर एखाद्या गिऱ्हाइकाला हे औषध इथं नाही असं सांगताना दिसत असेल तशी दिसत होती.

“गेलेल्या बाईंसाठी तुम्ही दाराबाहेर उभे राहिलात, भाऊजी,” ती म्हणाली. “मी तर इथं आहे. रोज असते.”

तो म्हणाला की विधेयक पुन्हा आणता येईल, एक-दोन वर्षांत, ते कलम काढून. आणि बोलता बोलता त्याचं त्यालाच ते ऐकवेना. वहिनी त्याच्यासमोर बसली. तिनं सांगितलं की तिला आता कायदा नको. इतकी माणसं आत बसून बटणं दाबणार आणि त्यावर आपला नवरा जिवंत की मेलेला ते ठरणार, हे तिला आज दुपारी रेडिओ ऐकताना पहिल्यांदाच विचित्र वाटलं होतं. सगळ्यांनी म्हणायची गरज नव्हती. एकानं म्हटलं असतं तरी चाललं असतं. आईंनी म्हटलं नाही. तुम्ही म्हटलं नाहीत. मी एकटीनं कसं म्हणू? तिचे हात मांडीवर होते, एकात एक घातलेले.

“तुम्ही म्हणा,” ती म्हणाली. “सभागृहात नको. इथं, माझ्यासमोर.”

त्याला वाटलं, जमणार नाही. दादा दारातून बाहेर पडतोय आणि आपण काहीतरी फालतू बोलतोय, हे त्याला दिसलं; त्या वाक्यानंतर दादाला उद्देशून, हाकेपलीकडं, आणखी एकही वाक्य नाही, आणि आता जे म्हणायचं ते त्याला उद्देशून नाहीच, त्याच्याबद्दल आहे. माणसाशी बोलणं आणि माणसाबद्दल बोलणं यांच्यामधून एक हद्द जाते, ती त्यानं आयुष्यभर ओलांडली नव्हती. वहिनी वाट पाहत होती. तिची एवढी वर्षं वाट पाहण्यात गेली होती, पण या वेळी ती त्याची वाट पाहत होती.

“दादा गेला,” तो म्हणाला.

वहिनीनं डोळे मिटले. मग उघडले, आणि मान हलवली, एकदाच. थोड्या वेळानं ती उठली, आतून पर्स घेतली, पायात चपला घातल्या. दुकानं अजून उघडी असतील, म्हणाली. जाऊन येते. घड्याळजीचं नाव तिनं घेतलं नाही. तिची पावलं जिन्यावरून खाली गेली, फाटकाशी थांबली, आणि पुढं निघून गेली. खिडकीतला उजेड कमी होत होता. मोजणीदारानं दिवा लावला नाही. तो उठून आतल्या बाजूला गेला, त्या खोलीच्या दारापर्यंत. चादर ताणून घातलेली होती, उशीवर सुरकुती नव्हती. दाराच्या चौकटीला हात लावून त्यानं हळूच दादाला हाक मारली, रोज एकदा मारायचा तशी, वहिनी घरात नाही असं पाहून.

उत्तर आलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आलं नाही.